माडीवरच्या न्हाणीतला शॉवर गळतो आणि खाली देवघराच्या भिंतीला ओल येते : सगळी न्हाणी फोडावी का?

शहापूरकर (९ सप्टेंबर, रात्री ९:२०)

नमस्कार. आमचे घर बेळगावात शहापूरला आहे. तळमजला सासऱ्यांच्या काळातला, वीट आणि चिरा असा मिश्र बांधकामाचा आहे आणि माडी आम्ही सात वर्षांपूर्वी चढवली. माडीवरच्या न्हाणीतला शॉवर बंद केल्यावरही ठिबकत राहतो. त्या न्हाणीच्या भिंतीच्या बरोबर खाली आमच्या देवघराची भिंत येते. फेब्रुवारी महिन्यापासून तिच्यावर ओलीचा डाग पडला आहे आणि तो वाढतच आहे. रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि पांढरा लोणाही दिसू लागला आहे.

ज्यांनी न्हाणी बांधली ते ठेकेदार आता मिळत नाहीत. दुसरे एक ठेकेदार येऊन पाहून गेले. त्यांचे म्हणणे असे की न्हाणीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे, सगळी फरशी आणि भिंतीच्या टाइल्स काढून नव्याने कोबा करावा लागेल, खर्च ४८,००० रुपये येईल आणि बारा दिवस लागतील. त्यांनी नळाला हात लावला नाही, डागाकडे पाहूनच हा निर्णय सांगितला. सासूबाईंच्या मते पितृपंधरवड्यात फोडकाम काढू नये, आणि २२ तारखेला त्याच भिंतीशी आमचे घट बसतात. मला खर्चाची भीती नाही, पण एवढे फोडूनही डाग परत आला तर काय, ही काळजी आहे. ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

निपाणीकर (९ सप्टेंबर, रात्री १०:०५)

ताई, यंदा पावसाने उघडीप फारशी दिलीच नाही. आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला दर श्रावणात अशीच ओल येते आणि दिवाळीपर्यंत ती आपोआप सुकते. आपली ही भिंत बाहेरची आहे की आतली? बाहेरची असेल तर आधी पावसाचा संशय घ्यावा आणि न्हाणीला दोष देण्याची घाई करू नये.

शहापूरकर (१० सप्टेंबर, सकाळी ७:१५)

भिंत आतली आहे. एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला जेवणाची खोली. शिवाय डाग फेब्रुवारीत दिसला, म्हणजे पाऊस संपून चार महिने झाल्यावर.

उद्यमबाग_निवृत्त (१० सप्टेंबर, दुपारी ४:४०)

ताई, मी आयटीआयमध्ये नळकामाचा निदेशक होतो आणि त्याआधी उद्यमबागेत पितळी फिटिंग्जच्या लेथवर काम केले आहे. फेब्रुवारीत डाग दिसला असेल तर पावसाचा प्रश्न तेथेच मिटतो. आता उरलेल्या गोष्टी नीट वेगळ्या करू या, कारण आपण सगळ्याला "गळते" असे एकच क्रियापद वापरतो आणि तेथूनच चुकीच्या दुरुस्तीला सुरुवात होते.

न्हाणीतून भिंतीत तीन वाटांनी पाणी जाऊ शकते. पहिली वाट दाबाच्या पाइपची, म्हणजे टाकीपासून कॉकपर्यंतची लाइन. तिच्यात पाणी चोवीस तास असते, त्यामुळे ती फुटली असेल तर तुम्ही अंघोळ करा किंवा गावाला जा, ओल वाढतच राहते. दुसरी वाट सांडपाण्याची, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीतले सांडपाणी जाण्याचे तोंड), त्याचा सांधा, फरशीच्या फटी आणि खालचा कोबा. येथे ओल फक्त पाणी सांडल्यानंतर वाढते. तिसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे कॉकपासून वर शॉवरपर्यंत भिंतीत गाडलेला उभा पाइप. कॉक बंद असताना त्यात नवे पाणी येता कामा नये, शॉवर चालू केला तरच यायला हवे. तेथे दोष असेल तर बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात तो वर्षानुवर्षे कळत नाही.

ठेकेदारांनी दुसरी वाट धरली. ती खरीही असू शकेल, परंतु तपासल्याशिवाय ४८,००० रुपयांचे फोडकाम काढणे मला पटत नाही. वाट पहिली किंवा तिसरी असेल, तर कोबा कितीही उत्तम केला तरी डाग परत येईल, कारण पाणी कोब्याच्या वरून नव्हे, भिंतीच्या पोटातून येत असेल.

आज एवढेच करा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि रेघेजवळ तारीख लिहा. उद्यापासून दर दोन दिवसांनी कड सरकली आहे का ते पाहा. बोटाने दाबून अंदाज घेण्यापेक्षा ही रेघ अधिक खरे सांगते. आणि रात्री सगळ्यांच्या अंघोळी आटोपल्यावर शॉवरखाली बादली ठेवून सकाळी मोजलेले पाणी येथे लिहा.

खानापूर_चिरेबंदी (१० सप्टेंबर, रात्री ८:३०)

काकांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. आमचे घर पूर्ण चिऱ्याचे आहे. चिरा सच्छिद्र असतो, पाणी शोषतो आणि आतल्या आत वाहून नेतो. आमच्याकडे गळती स्वयंपाकघराच्या सिंकमागे होती आणि ओल मात्र सहा फूट दूर पडवीच्या कोपऱ्यात दिसत होती. आपला तळमजला मिश्र बांधकामाचा असेल तर डाग जेथे आहे त्याच्या बरोबर वर दोष असेलच असे समजू नये. गवंड्याने पाइपसाठी मारलेली झिरी पाण्याला सर्वांत सोपी वाट असते, कारण ती भरताना मसाला नेहमी ठासून भरला जात नाही. वरच्या टोकाला गळलेले पाणी झिरीतून पाइपच्या अंगाने स्लॅबपर्यंत सरळ उतरते.

टिळकवाडी_सदनिका (१० सप्टेंबर, रात्री ११:१०)

आमच्या सदनिकेत खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल आली म्हणून तीन वर्षांपूर्वी पूर्ण न्हाणी फोडली. काम चांगले झाले, पण ओल दोन महिन्यांत परतली. अखेरीस दोष सापडला तो डक्टमधल्या सांडपाण्याच्या पाइपच्या सांध्यात, आणि तो बदलायला एक दिवस लागला. शेजाऱ्यांशी आलेला दुरावा मात्र भरून यायला वर्ष लागले. म्हणून आपण आधी तपासणी करावी, ही विनंती.

शहापूरकर (१२ सप्टेंबर, सकाळी ८:००)

काका, सांगितल्याप्रमाणे केले. रात्री १० वाजता बादली ठेवली आणि सकाळी ६ वाजता मापाने मोजली, तर ८ तासांत ५.२ लिटर पाणी जमले. म्हणजे दिवसाला साडेपंधरा लिटरच्या वर आणि महिन्याला सुमारे ४७० लिटर. हा आकडा पाहून मलाच वाईट वाटले. आमच्या गल्लीत पाणी रोज सुटत नाही. सुटले की संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत साठवायचे आणि मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. शहरातील पुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात, म्हणजे एका माणसाला साडेतीन दिवस पुरेल एवढे पाणी आम्ही दर महिन्याला मोरीत सोडत होतो.

एक शंका आहे. शॉवर बंद केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे थेंब भरभर पडतात, मग ते एका लयीत पडत राहतात. हे एकाच दोषाचे लक्षण आहे का?

उद्यमबाग_निवृत्त (१२ सप्टेंबर, दुपारी १२:२५)

नाही ताई, ती दोन वेगळी कारणे आहेत. शॉवरच्या डब्यात आणि आर्ममध्ये, म्हणजे भिंतीतून शॉवरपर्यंत येणाऱ्या दांडीत उरलेले पाणी बारीक छिद्रांवर पृष्ठताणामुळे तोलून राहते, आणि एखाद्या छिद्रातून हवा आत शिरली की ते सुटते. मोठा चपटा शॉवर असेल तर हे बराच वेळ चालते. त्यात कोणताही दोष नाही आणि कोणताही भाग बदलून ते थांबणार नाही. परंतु त्यानंतर रात्रभर एका लयीत पडणारे थेंब म्हणजे कॉक पूर्ण बंद होत नाही, एवढे निश्चित.

आता आपला कॉक कोणत्या जातीचा आहे ते पाहा. मूठ दोन-तीन वेळा फिरवावी लागत असेल तर आत स्पिंडल आणि रबरी वायसर आहे. पाव वळशात उघडत असेल तर आत सिरॅमिकच्या दोन चकत्यांचे कार्ट्रिज आहे. वायसर कडक झाला असेल तर तो दहा-वीस रुपयांत बदलता येतो. कार्ट्रिजमध्ये वाळूचा कण अडकला असेल तर ते काढून धुऊन पाहता येते, पण चकतीला ओरखडा पडला असेल तर त्याच मापाचे नवे घ्यावे लागते. जुने कार्ट्रिज सोबत नेल्याशिवाय दुकानातून नवे आणू नये, कारण मापे आणि दातांची संख्या कंपनीगणिक बदलते.

वायसर बदलूनही आठवड्याभरात पुन्हा थेंब सुरू झाले तर दोष वायसरचा नसून त्याच्या खालच्या पितळी सीटचा असतो. सीटवर खड्डा पडला की कितीही नवा वायसर तेथे बसत नाही आणि लोक मूठ अधिकाधिक जोराने आवळत जातात. जोर लावणे हा उपाय नव्हे, त्याने वायसर कापला जातो. सीट कटरने सीट घासून सपाट करता येते. हे अवजार प्रत्येक प्लंबरकडे नसते, म्हणून बोलावताना आधीच विचारून घ्या.

आपल्याकडे गरम पाणी गीझरचे आहे की सोलरचे? आणि शॉवर मुळातला आहे की मध्ये कधी बदलला?

चिकोडीवाला (१२ सप्टेंबर, सायंकाळी ६:५०)

ताईंच्या प्रश्नाशी जवळचा माझा अनुभव आहे. आमच्याकडे काळ्या जमिनीतल्या बोअरचे पाणी वापरतात आणि ते फार जड आहे. भारतीय मानक आय.एस. १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आमच्या पाण्याची तपासणी केली तेव्हा तो आकडा ६०० च्या पुढे निघाला. असे पाणी शॉवरची छिद्रे क्षाराने बुजवते, धारा वाकड्या उडतात, त्या टाइल्सच्या सांध्यांवर आणि दाराच्या चौकटीवर आदळतात, आणि मग माणसाला वाटते की भिंत गळते आहे. मी शॉवर काढून कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवतो आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासतो. फरशी धुण्याचे ॲसिड मात्र कोणीही वापरू नये. मी एकदा वापरले आणि क्रोमचा मुलामा उडून आतले पितळ दिसू लागले.

हिंदवाडी_भाडेकरू (१३ सप्टेंबर, सकाळी ९:३०)

ताई, प्लंबर बोलावणार असाल तर भाषेची एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे येणारे बरेच कारागीर गोकाक, बैलहोंगल बाजूचे कानडी बोलणारे असतात, कामात हुशार असतात, पण आपण नुसते "नळ सोराकत्तैती" म्हटले की त्यांना तेवढेच कळते जेवढे मराठीत "गळते" म्हटल्यावर कळावे. थेंब पडत असतील तर तसे सांगावे, भिंतीतून झिरपत असेल तर "जिनुगतैती" म्हणावे, आणि बिसिनीरु म्हणजे गरम पाण्याची लाइन की तण्णीरु म्हणजे गार पाण्याची, हे हाताने दाखवावे. मी हे नीट सांगू न शकल्यामुळे एकदा दोष नसलेला कॉक बदलून घेतला होता.

शहापूरकर (१५ सप्टेंबर, रात्री ९:००)

सगळ्यांचे आभार. काकांच्या प्रश्नांची उत्तरे आधी देते. गरम पाणी गच्चीवरच्या सोलरचे आहे. शॉवर गेल्या दिवाळीत बदलला. आधी लहान गोल होता, आता आठ इंची चौकोनी आहे आणि त्याचा आर्मही लांब आहे. हे मी पहिल्या लिखाणात सांगायला हवे होते, पण त्याचा संबंध असेल असे वाटले नाही.

काल प्लंबर येऊन गेले. कॉक फिरवायचा, म्हणजे वायसरचाच निघाला. गरम पाण्याच्या कॉकचा वायसर लाकडासारखा कडक झाला होता आणि मधोमध चिरला होता. गार पाण्याचा अजून बरा होता, तरी दोन्ही बदलले. सीट बोटाने तपासली, ती गुळगुळीत आहे. वायसर आणि मजुरी मिळून ३५० रुपये झाले. आज सकाळी बादलीत सुरुवातीच्या थेंबांचे वाटीभर पाणी होते आणि त्यानंतर एकही थेंब नाही.

आता देवघराची भिंत. १० तारखेच्या रेघेपासून १२ तारखेची रेघ बोटभर पुढे गेली होती. आज मात्र कड १२ तारखेच्या रेघेवरच थांबली आहे. वायसर वरच्या न्हाणीत बदलला आणि खालची भिंत वाढायची थांबली, हे कसे? थेंब तर मोरीतच पडत होते.

उद्यमबाग_निवृत्त (१६ सप्टेंबर, सकाळी १०:१०)

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नात बहुतेक सगळ्याचे उत्तर आहे. मी तिसऱ्या वाटेविषयी लिहिले होते, की कॉक बंद असताना वरच्या उभ्या पाइपात नवे पाणी येता कामा नये. परंतु कॉक नीट बंद होत नसेल तर पाणी हळूहळू त्या पाइपात चढते आणि भरून वाहिल्यावरच शॉवरमधून थेंब पडतो. म्हणजे शॉवर ठिबकत होता त्या सगळ्या काळात तो उभा पाइप वरच्या एल्बोपर्यंत, म्हणजे आर्म जेथे बसतो त्या वळणाच्या जोडापर्यंत चोवीस तास भरत होता. त्या पाइपात किंवा एल्बोत बारीक चीर असेल तर एरवी ती दिवसाला अर्धा तास गळली असती, ती वायसर बिघडल्यामुळे अखंड गळत राहिली. आता वायसर बदलला, पाइपात नवे पाणी येणे थांबले आणि ओल थबकली. हा अजून अंदाज आहे. तो पक्का करण्यासाठी दोन चाचण्या करा, आणि याच क्रमाने करा.

पहिली चाचणी सांडपाण्याच्या वाटेची. नहाणी ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घालून त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ठेवा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास ठेवा. या काळात ती न्हाणी कोणी वापरू नये. पातळी डोळ्यांना दिसेल इतकी उतरली किंवा खालची रेघ सरकली तर ठेकेदारांचे म्हणणे खरे. पाण्यात जिलेबीचा रंग चिमूटभर टाकला तर खाली रंगही दिसू शकतो. हळद वापरू नका, फरशीच्या सांध्यांवर तिचे डाग राहतात.

दुसरी चाचणी उभ्या पाइपची. शॉवर उतरवा आणि आर्मच्या टोकाला अर्ध्या इंचाची कॅप टेफ्लॉन टेप लावून बसवा. आर्म भिंतीतून काढू नका. एल्बोला चीर असेल तर आर्म फिरवताना ती आणखी फाटेल. मग कॉक पूर्ण उघडा. पाइप भरेल, दाब येईल, पण फरशीवर एक थेंबही पडणार नाही, त्यामुळे टाइल्सचे सांधे आणि ट्रॅप यांचा संशय उरत नाही. एक लक्षात ठेवा की गच्चीवरच्या टाकीचा दाब फार नसतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब येतो आणि आपल्या टाकीतले पाणी शॉवरच्या वर जेमतेम तीन मीटर असेल. म्हणजे दाब एक किलोच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. अशा दाबाने बारीक चीर सावकाश गळते, म्हणून पाच मिनिटांत निकाल लागणार नाही. कॉक दोन दिवस उघडाच ठेवा आणि बादलीने अंघोळ दुसऱ्या न्हाणीत करा.

निपाणीकर (१६ सप्टेंबर, दुपारी १:३०)

प्लंबरकडचा दाबाचा हातपंप लावला तर दोन दिवसांऐवजी तासाभरात कळणार नाही का?

उद्यमबाग_निवृत्त (१६ सप्टेंबर, दुपारी ३:००)

कळेल, आणि नव्या बांधकामात टाइल्स लावण्यापूर्वी तो पंप लावलाच पाहिजे असे मी आग्रहाने सांगतो. सात वर्षे चालू असलेल्या लाइनला मात्र जास्त दाब दिला तर जो सांधा अजून पाच वर्षे टिकला असता तोही सुटू शकतो. घरातल्या घरात सावकाश चाचणी करण्याची सोय असेल तर मी तीच निवडतो.

शहापूरकर (२० सप्टेंबर, रात्री ८:४५)

दोन्ही चाचण्या पूर्ण झाल्या. १६ तारखेच्या संध्याकाळी साठवलेले पाणी १७ तारखेच्या संध्याकाळपर्यंत होते तेवढेच राहिले, पातळीत केसभरही फरक दिसला नाही, खाली रंग आला नाही आणि रेघही हलली नाही. म्हणजे ज्या कोब्यासाठी ४८,००० रुपये सांगितले होते तो कोबा सुस्थितीत आहे.

१८ तारखेला सकाळी कॅप बसवून कॉक उघडला. त्या दिवशी काही दिसले नाही आणि मी जरा निराश झाले. काल सकाळी रेघेच्या बाहेर दोन ठिकाणी जिभेसारखी ओल उतरली होती, आणि आज ती चार बोटे पुढे आली आहे. मी कॉक बंद केला आहे. काका, आपण म्हणालात तीच वाट निघाली. आता परवा घट बसतात, म्हणून हे दिवस ती न्हाणी बंदच ठेवतो आणि दसऱ्यानंतर काम काढतो. देवघराच्या भिंतीपासून चौरंग हातभर पुढे सरकवून घट मांडायला सासूबाईंनी होकार दिला आहे.

मच्छे_वायरमन (२० सप्टेंबर, रात्री १०:२०)

ताई, फोडकामाच्या दिवशी एक काळजी अवश्य घ्या. त्या भिंतीत विजेची कॉन्सील्ड लाइन कोठून जाते हे माहीत नसेल तर त्या भागाचा एमसीबी पाडूनच छिन्नी लावू द्या. आणि एरवीही ओल्या भिंतीवरचे स्विचबोर्ड पायात चपला असल्या तरी ओल्या हाताने वापरू नयेत. ज्या घरात न्हाणीजवळ ओल आहे तेथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच असायलाच हवा, आणि तिचे टेस्ट बटन महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहायला हवे. मी गळती शोधायला गेलेल्या घरांत भिंतीला हात लावताच झिणझिण्या आल्याचे दोनदा अनुभवले आहे. दोन्ही ठिकाणी आरसीसीबी नव्हती. पाण्याची गळती परवडते, विजेची परवडत नाही.

शहापूरकर (२१ सप्टेंबर, सकाळी ७:४०)

आमच्याकडे आरसीसीबी आहे. आज टेस्ट बटन दाबून पाहिले, ती पडली. हे बटन असते हेच आजवर माहीत नव्हते.

शहापूरकर (५ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

काल फोडकाम झाले. शॉवरच्या आर्मभोवतीची एकच टाइल कटरने कापून काढली. आत एल्बो साध्या प्लास्टिकच्या आट्याचा (आटा म्हणजे पेचाच्या खाचा) निघाला, आणि आट्याच्या तोंडापासून मागे नखाएवढी सरळ चीर गेलेली होती. कॉक उघडल्यावर त्या चिरेतून पाण्याचा मण्यासारखा थेंब तयार होऊन पाइपच्या मागच्या बाजूने झिरीत उतरताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. खानापूरच्या दादांनी लिहिले होते तसेच झिरी अर्धी पोकळ होती.

प्लंबरांच्या मते गेल्या दिवाळीत शॉवर बदलताना आर्मवर टेपचे फार वेढे घालून तो जोराने आवळला गेला, आणि त्यात मोठ्या शॉवरचे वजन लांब आर्मच्या टोकाला लोंबत राहिले. ते काम आम्हीच घाईघाईने ओळखीच्या मुलाकडून करून घेतले होते. फेब्रुवारीत डाग दिसला त्याचा हिशेब आता जुळतो. प्लंबर उद्या नवा एल्बो घालून लगेच टाइल बसवू म्हणतात. थांबावे की बसवू द्यावे?

उद्यमबाग_निवृत्त (५ ऑक्टोबर, रात्री १०:१५)

ताई, टाइल अजिबात बसवू देऊ नका. नवा एल्बो पितळी आट्याचा, म्हणजे ज्याच्या आत पितळेचा आटेदार भाग बसवलेला असतो असाच घ्या. शॉवर, कॉक, जेथे जेथे धातूचा आटा प्लास्टिकमध्ये फिरतो तेथे साधा एल्बो वापरणे ही चार पैशांची बचत भिंत फोडायला लावते. आपली लाइन सोलरची असल्याने पाइप आणि जोड सीपीव्हीसीचेच, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचेच हवेत, पाइपवर आय.एस. १५७७८ हा क्रमांक छापलेला असतो. साधा पीव्हीसी किंवा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो. चिकटवायचे सोल्युशनही सीपीव्हीसीचेच असावे. पीव्हीसीचे सोल्युशन लावलेला सांधा सुरुवातीला धरतो आणि पुढे उन्हाळ्यात सोलरचे पाणी तापले की सुटतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

एल्बो मागून क्लिपने भिंतीला बांधून घ्या, म्हणजे शॉवरचे वजन पाइपवर न येता भिंतीवर येईल. सांधा वाळायला पूर्ण दिवस द्या. मग पुन्हा कॅप लावून कॉक दोन दिवस उघडा ठेवा, एल्बोभोवती कोरडा वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, आणि कागद कोरडा राहिला तरच झिरी मसाल्याने ठासून भरून टाइल बसवा. आट्यावर टेप घालताना आट्याच्या तोंडाकडून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घाला, म्हणजे आवळताना ती उलगडत नाही. आर्म हाताने बसवून शेवटचा अर्धा-एक वळसाच पान्याने द्यावा. आणि शक्य असेल तर मोठा शॉवर परत लावू नका.

टिळकवाडी_सदनिका (६ ऑक्टोबर, सकाळी ८:२०)

काढलेल्या टाइलसारखीच टाइल मिळाली का? आमच्या वेळी खडेबाजार आणि रविवार पेठ पालथी घालूनही जुळणारी मिळाली नव्हती.

शहापूरकर (६ ऑक्टोबर, सकाळी ८:५०)

सात वर्षांपूर्वी गवंड्यांनी उरलेल्या चार टाइल्स माळ्यावर ठेवायला लावल्या होत्या. त्या तशाच कागदात बांधलेल्या सापडल्या. त्या गवंड्यांची मला आज फार आठवण झाली.

शहापूरकर (१७ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००)

दिवाळीच्या आधी शेवटचे लिहिते, कारण उद्या-परवा फराळाची गडबड सुरू होईल. पितळी आट्याचा एल्बो बसवला, एक दिवस वाळू दिला, दोन दिवस कॉक उघडा ठेवला. वर्तमानपत्राचा कागद पूर्ण कोरडा राहिला, तेव्हाच टाइल बसवली. जुना लहान गोल शॉवर लिंबूसत्वात बुडवून स्वच्छ केला आणि तोच परत लावला. वायसरपासून टाइलपर्यंत सगळा खर्च मिळून २,४०० रुपये झाला. ठेकेदारांना फोन करून नम्रपणे कळवले की काम झाले आहे.

देवघराची भिंत वरून खाली सुकत येते आहे. १० सप्टेंबरच्या रेघेच्या आत आता हातभर भाग कोरडा आहे. रंग लगेच द्यावा का, हे काकांना विचारायचे आहे.

उद्यमबाग_निवृत्त (१७ ऑक्टोबर, रात्री ८:१०)

या दिवाळीत देऊ नका, ताई. भिंत आतून सुकायला थंडीचे दोन महिने तरी जाऊ द्या. तोवर सुटे पोपडे खरवडून काढा, आणि लोणा ओल्या फडक्याने न पुसता कोरड्या ब्रशने झाडा, कारण पाण्याने तो विरघळून परत भिंतीत मुरतो. आता रंग दिला तर आतली वाफ बाहेर पडायला वाट राहणार नाही आणि नवा रंगही फुगेल. संक्रांतीच्या सुमारास भिंतीवर एक चौरस फूट प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. त्याच्या आत दव जमले नाही तर रंगाऱ्याला बोलवा.

शहापूरकर (१७ ऑक्टोबर, रात्री ९:०५)

तसेच करते. पेन्सिलीच्या रेघा तोपर्यंत भिंतीवर राहू देत आहोत. माळ्यावर आता तीन टाइल्स उरल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या पाठीवर मी एल्बो जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते मोजून लिहिले आहे, गरम आणि गार पाण्याच्या पाइपांची रेघ काढली आहे आणि खाली तारीख घातली आहे.